उजवीकडून वाचायचा पत्ता

अपुऱ्या पत्त्यापायी जगातलं एकही पत्र अडू नये, एवढ्याच कामासाठी ब्रह्मदेवाने आमच्या सॉर्टरमामांना जन्माला घातलं होतं, असं माझं ठाम मत आहे. दौंडला रेल्वेच्या टपाल डब्यात उभं राहून त्यांनी उभी हयात पत्रं कप्प्यांत टाकण्यात घालवली. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सुटलं आणि ते शिरूरला आमच्या गल्लीत एका खोलीत एकटेच राहायला आले. पण सॉर्टिंग सुटलं नाही. माणसाचं नाव विसरत, पिनकोड विसरत नसत. शेजाऱ्यांनी घरी येऊन हातात दिलेली लग्नपत्रिका त्यांनी 'अपुरा पत्ता' म्हणून परत केली होती. पत्ता खालून वर वाचायचा, ही त्यांची सवय. रांजणगावच्या कंपनीची वाट विचारणाऱ्या एका ट्रकवाल्याला त्यांनी भारत, महाराष्ट्र, पुणे जिल्हा अशी सुरुवात करून दिली. ते शिरूर तालुक्यापर्यंत पोचले तोवर ट्रक बायपासला लागला होता.

एस.टी. स्टँडजवळ माझा सायबर कॅफे होता. मामा तिथे पेपर वाचायला येत आणि गिऱ्हाइकांच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत. एकदा त्यांनी विचारलं, की हे डॉट इन काय प्रकरण आहे. मी सांगितलं, संगणकाला खरं तर आकडाच कळतो. आपण नाव टाकलं की आधी डॉट इनच्या दफ्तरात चौकशी होते, तिथून पुढचा ठिकाणा कळतो आणि शेवटी आकडा सापडतो. मामांनी चष्मा काढला. "म्हंजी उजवीकडून वाचायचं," ते म्हणाले. "आमचंच हाय की हे." मग डॉट कॉमवाल्यांनी देशच लिहिलेला नाही, असली पाकिटं आम्ही बाजूला काढायचो, म्हणून अर्धा तास बोलले. मी हसत होतो. बोलता बोलता सांगून गेलो, की वेबसाइटचं पान एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवलं तर मागचा आकडा तेवढा बदलायचा, नाव तेच राहतं.

मामांनी चष्मा पुन्हा चढवला. "घर बदललं तरी पत्ता तोच?" त्यांनी दोनदा विचारलं.

त्या दिवशी मला त्यांच्या मुलाबद्दल पहिल्यांदा कळलं. नोकरीवरून बापलेकांचं वाजलं, तेव्हा मामा रागाच्या भरात म्हणाले होते, या दारात पुन्हा पाऊल ठेवू नको. पोरगा गेला तो गेलाच. त्याच्या माघारी आई वारली, आणि मग ते दारही सुटलं. आता त्याने पत्र लिहिलं तर ते दौंडच्या क्वार्टरवर जाणार, आणि मामांनी जन्मभर परक्यांच्या पाकिटांवर वाचलेला 'पत्ता सोडून गेले' हा शेरा त्यांच्याच पोराच्या पत्रावर पडणार.

म्हणून मुलाच्या पूर्ण नावाचाच पत्ता आम्ही डॉट इनमध्ये घेतला. माणूस स्वतःचं नाव एकदा तरी टाकून बघतोच, हा मामांचा हिशोब. दर वर्षी तो पत्ता नव्याने नोंदवावा लागेल म्हटल्यावर ते म्हणाले, मी जिवंत आहे हेच बँकेला दरसाल सांगावं लागतं, तर पत्त्याचं काय घेऊन बसलास. पानावर चारच ओळी होत्या: दौंडचं घर सोडलं. आई गेली. मी शिरूरला असतो. ये. त्याखाली खोलीचा पत्ता, पिनकोडसकट. सगळ्यात खाली मी, तेव्हा सगळेच लावत तसा, किती जण आले ते मोजणारा आकडा लावून दिला.

मामा रोज सकाळी येऊन तो बघत. त्यांनी पान उघडलं की एक वाढे, तो ते वजा करत. उरत काहीच नसे. महिन्याभराने त्यांचं ते पडलेलं तोंड बघवेना, म्हणून ते येण्याआधी मीच एकदा पान उघडून ठेवू लागलो. मामा खूश. मुंबईहून बघत असेल, दुबईहून असेल, असे अंदाज सुरू झाले. मला वाईट वाटे आणि बरंही वाटे.

मग मी मेहुणीच्या लग्नाला गेलो आणि कॅफे चार दिवस बंद राहिला. परतलो त्या सकाळी मी शटर वर करतो तोच मामा आत येऊन बसले. त्यांनी पान उघडलं. चार दिवसांत आकडा त्यांच्या एकानेच वाढला होता.

"तू नव्हतास," ते शांतपणे म्हणाले, "तवा कुणीच आलं न्हाई."

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"उघडत जा. पन माझ्यासमोर उघड."

मुलाने ते पान कधी पाहिलं की नाही, मला आजही माहीत नाही. मामा असेपर्यंत रोज सकाळी मी ते त्यांच्यासमोर उघडत राहिलो. आकडा एकाने वाढला की ते पडद्याकडे बघून हळूच म्हणत, "ये."