रामेनचा पहिला घास

मागच्या रविवारी लातूरला, भर दुपारी, एका नव्याकोऱ्या हॉटेलात माझे हातपाय गार पडले. ते अजून डोक्यातून जात नाही... म्हणून लिहून टाकतेय.

आम्ही नांदेडचे. माझी लेक सानू तेरा वर्षांची आहे आणि तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. साधीसुधी नाही. तोवर कधी काही झालं नव्हतं, पण चार वर्षांपूर्वी देगलूरला एका बारशात तिनं वांग्याची भाजी खाल्ली, पाच मिनिटांत ओठ सुजले आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दवाखान्यापर्यंतचा तो रस्ता वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

आता मराठवाड्यात राहून शेंगदाणा टाळायचा म्हणजे... भाजीत तो, कोशिंबिरीत तो, उपवासाला तर तोच तो. तेव्हापासून पर्समध्ये इंजेक्शन असतं, आणि बाहेर काही खाल्लंच तर पहिला घास माझा. मी चाखायचं, मग तिनं खायचं. नातेवाईक म्हणतात, मी अति करते. म्हणू देत.

सानूला मात्र हल्ली त्या चाखण्याची लाज वाटते. मैत्रिणींसमोर आई आपल्या ताटात चमचा घालते म्हणजे काय... तिनं नेटवर शोध शोध शोधलं आणि जाहीर केलं की रामेनमध्ये, म्हणजे त्या जपानी रस्सा-नूडल्समध्ये, शेंगदाणा नसतो, जपानी लोक घालतच नाहीत. लातूरला माझा भाऊ राहतो, आणि त्याच्या घराजवळ क्लासच्या पोरांसाठी रामेनचं हॉटेल उघडलंय. सानूला वाढदिवसाला तेच हवं होतं, आणि वर एक अट... या वेळी पहिला घास तिचा.

मी हो म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

कागदी कंदील, गुळगुळीत बाकं, समोरच उघडं स्वयंपाकघर आणि मधे फक्त एक लाकडी कट्टा. भाऊ, सानू आणि मी कट्ट्यालाच बसलो. ऑर्डर घेणाऱ्या मुलीला मी दोनदा विचारलं, यात शेंगदाणे आहेत का? "नाही मॅम, जॅपनीज आहे ना," ती म्हणाली. तेलही सोयाबीनचं. मी पर्समधलं इंजेक्शन चाचपून पाहिलं आणि स्वतःला समजावलं की सगळं ठीक आहे.

वाडगे आले. नूडल्स, कांद्याची पात, वर अर्धं अंडं... सानूनं चॉपस्टिक उचलल्या. तेवढ्यात वाफेबरोबर माझ्या नाकात एक वास शिरला. ओळखीचा, माझ्या आईच्या स्वयंपाकघरातला. तीळ भाजले असतील, असं मी मनाला सांगितलं, पण मन ऐकेना.

नूडल्स सानूच्या चॉपस्टिकवरून पुन्हा पुन्हा घसरत होत्या आणि ती हसत होती. कट्ट्यापलीकडे टोपी घातलेल्या पन्नाशीच्या एक मावशी रस्सा ढवळत होत्या. मी त्यांना विचारलं... मावशी, यात कूट आहे का हो?

"हाव, हाय की," मावशी कौतुकानं म्हणाल्या. "कुटाबिगर रस्सा दाट व्हतो का? पोरं म्हनायली, नुस्तं पानी लागायलंय. म्हून मीच घालायले."

मी सानूच्या हातावर फटकाच मारला. चॉपस्टिक उडाल्या, रस्सा कट्ट्यावर, तिच्या बोटांवर, माझ्या ओढणीवर. घास तिच्या ओठांपाशी होता. लागला की नाही? "माहीत नाही, आई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

हात साबणानं धुतले, चूळ भरायला लावली. भावाला गाडी दारात आणायला सांगितलं. मग मी इंजेक्शन मुठीत धरून तिच्या ओठांकडे बघत बसले... जरा लाल दिसतात का? सुजले का? की रडल्यामुळे? भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलतच नव्हता. मला तिच्या श्वासाशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं.

मावशी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. "आमी कुटाला शेंगदानाच समजत न्हाई, बाई. मिठासारखं पडतंय ते हातून." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडणार कुठल्या तोंडानं? मीही इथलीच. चार वर्षांपूर्वीपर्यंत मीही डब्यातून मूठभर कूट असाच घालत होते, न मोजता, न बघता. त्या मुलीला दोनदा विचारलं ते पुस्तकी शब्दात, शेंगदाणे म्हणून. कूट म्हणून विचारायचं मलाच सुचलं नव्हतं.

अर्धा तास गेला. मग पाऊण. काही झालं नाही... घास लागलाच नव्हता. तेव्हा कुठे मी मुठीतलं इंजेक्शन पर्समध्ये ठेवलं.

ऑर्डर घेणारी मुलगी तोपर्यंत पेन घेऊन प्रत्येक मेनू कार्डावर 'शेंगदाण्याचा कूट असतो' असं लिहीत बसली होती. मावशींनी कोपरापर्यंत हात धुतले, दुसऱ्या पातेल्यात दोन अंडी उकडली आणि कोऱ्या कागदावर अख्खीच आणून ठेवली. "कवच म्या फोडलं न्हाई, बाळा," त्या सानूला म्हणाल्या. "तुझ्या हातानं फोड."

सानूनं एक अंडं सावकाश सोललं. आता त्यात कूट कुठून येणार... पण तिनं त्याचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढे धरला, सगळ्यांसमोर.

"आधी तू," ती म्हणाली.

मी चाखलं. मावशींनी लपवाछपवी न करता खरं ते सांगितलं, म्हणून माझी लेक आज शाळेत गेली आहे. संध्याकाळी येईल, तोवर मी दाराकडे बघत बसलेय.