सहा पितळी बटणं

सौदीत जुबैलमध्ये खोदकामाआधी जमिनीत पुरलेले पाइप शोधायचं यंत्र मी फिरवतो. मागच्या महिन्यात आमच्या जुन्या कॅम्पच्या जागेवर ते किंचाळलं आणि वाळूतून सहा काळपट पितळी बटणं निघाली. पुण्याहून आलेला नवा इंजिनियर हरखलाच. "काका, ही तुर्की फौजेची! शंभर वर्षं जुनी असणार!"

मी एक बटण पँटवर घासून उलटं केलं. मागे चाप होता, म्हणजे टिचबटण. कसली डोंबलाची तुर्की फौज! मी आलो त्या वर्षी आमच्या कव्हरॉलला हीच बटणं होती, एकेकाला सहा. पुढच्या वर्षी चेन आली.

मी आलो त्याच वर्षी माझ्या खोलीतला गुहागरचा वेल्डर परांचीवरून पडून मेला. पेटी गावी गेली, कव्हरॉल इथेच राहिला. मेलेल्याचा युनिफॉर्म खोलीतल्यांनी कॅम्पमागे जाळायचा, अशी आमच्यात रीत होती. रॉकेल मीच ओतलं होतं.

आता ती बटणं इंजिनियरच्या अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगतो, लढाईत पडलेल्या सैनिकाची आहेत. मी खरं सांगितलं, तर तो ती कचऱ्यात टाकील. म्हणून गप्प बसतो.