मातामायशी भांडण आणि मोडकी सायकल

अंगावरून वारं गेलं तेव्हा मी चाळिशीचा होतो. उजवी बाजू लुळी पडली. काही महिन्यांनी काठी टेकत चालू लागलो, पण हात तसाच लोंबकळत राहिला. आम्ही पवनीजवळचे ढिवर, वैनगंगेत जाळं फेकून पोट भरणारे, आणि जाळं एका हाताने फेकता येत नाही. गावातले जाणते म्हणाले, गावदेवी मातामायची मर्जी समज आणि गप पडून राहा. मला त्या मर्जीचाच राग आला. जन्मभर तिच्यापुढे नारळ फोडले आणि तिने नेमका हातच नेला. ओसरीत बसून मी तिला मनातल्या मनात शिव्या घालायचो. याला भक्ती म्हणावी का, ठाऊक नाही. पण त्या काळात तिच्याखेरीज मी कोणाशी धड बोलतही नव्हतो.

एका उन्हाळ्यात लाखांदूरची एसटी आमच्या दाराशी पंक्चर झाली आणि एक अनोळखी गृहस्थ पाणी मागायला आले. वरठीच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी माझा हात उचलून पाहिला.

"हात मेला नाही भाऊ, इसरला हाये. त्याले शिकवा लागते. आमचे साहेब सांगतेत, परदेशात लोखंडाचे हात अशा लुळ्या हाताले फिरवून शिकवून राहिले. तुमच्यासाठी सायकलच पाहतो."

मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्या रविवारी ते खरंच मोडक्या सायकलची पायडलं घेऊन आले आणि छातीच्या उंचीला फळीवर बसवून दिली. लुळा हात एका पायडलला बांधायचा, डाव्याने दुसरं फिरवायचं, म्हणजे तोही मागोमाग फिरणार. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं आणि ते पुन्हा कधी दिसले नाहीत.

पावसाळाभर मी हट्टाने फिरवलं. खांद्यात थोडं बळ आलं, बोटं मात्र ढिम्म. लोक म्हणत, ढिवर आता हाताने सायकल चालवतो. म्हणोत बापडे. खंडेनवमीला उठून पाहतो तर बायकोने त्या यंत्राला हळदकुंकू लावून झेंडूची फुलं वाहिलेली.

"आज फिरवाचा नाही जी. हत्याराची पूजा झाली."

"हे कायचं हत्यार?"

"तुमच्यापाशी दुसरं कोनतं उरलं हाये?"

ते फार लागलं. पूजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत, हे मलाही कळत होतं. पण सगळं नेलंस, आता माझा एक दिवसही नेतेस का, असं देवीला म्हणत मी रागाने ती फुलं ओरबाडली. बायको बघतच राहिली.

"काठी कोनत्या हातात हाये तुमच्या?"

काठी डाव्या हातात होती. उजव्या मुठीत झेंडू चुरगळला होता. मी खाली बसलो आणि पोटभर रडलो. त्या दिवशी यंत्र फिरवलं नाही.

शरण जायला मी असा शिकलो. आपला सगळा जोर लावायचा, भांडायचं तेवढं भांडायचं, आणि केव्हा द्यायचं ते मातामायवर सोडायचं. त्या फिटरभाऊंचे उपकार फेडायला मला त्यांचा पत्ताही ठाऊक नाही, म्हणून तिच्यापुढेच हात जोडतो.

दोन वर्षांनी पुन्हा नदीत उतरलो. जाळं अर्धंच उघडलं. तीन मासे आले. त्यातला मोठा मातामायपुढे ठेवला आणि म्हणालो, "माय, अर्धा हात अजून तुयाकडं बाकी हाये. मी काही फिरवनं सोडत नाही."