गौहर पाय उचलायची

तबेल्यातले किस्से लिदीसारखे असतात. सकाळी पाट्या भरभरून बाहेर टाका, संध्याकाळी परत तेवढेच! मी आपला विसरून गेलेलो असतो. मग रस्त्यात कुठं घोड्याच्या घामाचा वास येतो, एक किस्सा आठवतो आणि त्याच्या शेपटीला धरून दुसरा हजर.

गोष्ट तीसच्या सालानंतरची, इंग्रज इथं होता तेव्हाची. देवळालीच्या अलीकडं एका मेजरसाहेबाची पागा होती. तिथं मी चाबूकस्वार होतो. म्हणजे कोरं घोडं घ्यायचं, शिकवायचं आणि साहेबाच्या मांडीखाली द्यायचं. माझे उस्ताद रहीमचाचा, जुन्या नाशकातले. घोड्याशी उर्दूत बोलायचे, माझ्याशी मराठीत आणि साहेबाशी दोन्हीची खिचडी करून. शिकारी कुत्र्यांचं खातं सोमाकडं. तो पेठकडचा, बोलायला कमी.

साहेबाला एकच वेड. पुढं कोल्हा, मागं कुत्र्यांचा ताफा आणि त्यांच्यामागं घोड्यावर साहेब लोक! आज अंबडला जिथं कारखान्यांचे भोंगे वाजतात ना, तिथं तेव्हा नुसता माळ होता. कुसळं, बोरी आणि कोल्हे. थंडी पडली की पहाटे आमची वरात तिथं निघायची.

अंबडचा एक म्हातारा शेतकरी बांधावर उभा राहून हे सगळं बघायचा. एकदा त्यानं मला थांबवलंच.

"काय रं दत्तू, हे साहेब लोक कोल्हा खात्यात का?"

"नाय बाबा."

"मग कातडं काढत्यात?"

"नाय."

म्हाताऱ्यानं बराच विचार केला. म्हणाला, "कोल्हा जिवासाठी पळतो, ते समजलं. पण हे कशापायी पळत्यात?"

मी टाच मारली आणि त्यांच्याच मागं पळालो!

* * *

शिकारीच्या घोड्याला पहिला धडा शिंगाचा. साहेबाकडं वीतभर पितळी शिंग होतं. ते वाजलं की घोड्यानं कान टवकारून सुटायचं. दगडी बांध येवो, नाला येवो, उडी मारायची आणि कुत्र्यांच्या मागं जायचं. चाचांनी सुलतान नावाचा घोडा असा पक्का केला होता की नाव काढू नका.

माझ्या मावसभावाचं लग्न पाथर्डीला. घरचे मागं लागले, "तुझ्या हाताखाली एवढी घोडी, एक नवरदेवाला आण की!" साहेब मुंबईला गेलेला. चाचा नको नको म्हणत होते, तरी मी सुलतानला झूल घातली आणि नेला.

वरात मारुतीपाशी आली आणि बँडवाल्यानं जोर लावून पिपाणी फुंकली!

सुलताननं कान टवकारले. मी लगाम धरेपर्यंत नवरदेव मांडवाचं कुंपण ओलांडून गेलासुद्धा! मुंडावळ्या मागं उडतायत, हातातल्या कट्यारीचं लिंबू रस्त्यात पडलंय, आणि नवरीचा मामा बोंबलतोय, "पळाला रे पळाला! नवरदेव पळाला!"

मुहूर्त टळून गेल्यावर भाऊ पायी परत आला. धोतरभर कुसळं. मामानं सुनावलं, "लग्न करायचं नव्हतं तर आधी सांगायचं!"

भाऊ रडकुंडीला आला होता. "मी नाय हो पळालो, घोडं पळालं. मला तर बसूनच राहायचं होतं!"

* * *

आता हसून घेतलंत ना? पुढचं ऐका.

येवल्याच्या घोडेबाजारात चाचांनी एक सब्जी घोडी बघितली. पांढऱ्यात निळसर झाक. पाय असे की मी तिथल्या तिथं प्रेमात पडलो. पण तिच्या दोन्ही डोळ्यांखाली भोवरे होते. अशा घोड्याला आपल्याकडं आसूढाळ म्हणतात. आसवं गाळायला लावणारा. ज्याच्या दारात तो येतो, तिथं कोणीतरी रडतं. चांगला माणूस असा घोडा फुकट दिला तरी घेत नाही.

मी म्हणालो, "चाचा, हिच्यात खोट हाय."

चाचांनी तिच्या नाकावर हात फिरवला. "कोणीतरी रडणार, एवढंच लिहिलंय ना? दुःखानंच रडणार, असं कुठं लिहिलंय?"

घोडी आली. चाचांनी नाव ठेवलं गौहर. आमच्या आईला भोवऱ्यांचं कळलं, तर तिनं वणीच्या देवीचा अंगारा पाठवला. चाचांनी तो लावला, वर आपल्या दर्ग्याचा ताईतही बांधला. म्हणाले, "दोन्हीकडं वशिला असलेला बरा." नजरेसाठी मी दारावर लिंबू-मिरची टांगली. ती गौहरनं दुसऱ्या दिवशी खाऊन टाकली!

चाचा म्हणाले, "बघ, हिला आता कुणाची नजर लागायची?"

* * *

डचेस ही साहेबाची कुत्री. विलायतेहून बोटीनं त्याच्याबरोबर आलेली. बाकीची कुत्री आमच्या उन्हानं एकेक करून गेली, ही टिकली. म्हातारी झाली तरी ताफ्याच्या पुढं तीच. फक्त परतीच्या वाटेला दमायची, घोड्यांच्या पायापायांत चालायची. मग साहेब लगाम खेचून सगळ्यांना सांगायचा, "धीरे चलो. बुड्ढी है!" तो कर्नलसाठी थांबत नसे, हिच्यासाठी थांबायचा. सोमा तिला डचेसबाई म्हणायचा, अहो-जाहो करायचा.

गौहर नवी होती. कुत्रं पायात आलं तर काय करायचं, हे तिला अजून कुणी शिकवलेलं नव्हतं. एका सकाळी मी तिला खरारा करत होतो. डचेस नेहमीसारखी मागून निघाली आणि गौहरनं लाथ झाडली.

एकच लाथ. डचेसनं आवाजसुद्धा काढला नाही.

साहेब धावत आला. मला वाटलं, आता हंटर! पण तो मातीत बसला, तिचं डोकं मांडीवर घेऊन. चिंचेखाली खड्डा त्यानं स्वतः खणला, माळ्याला कुदळीला हात लावू दिला नाही. माती सारून झाली आणि तो पिस्तूल घेऊन तबेल्यात आला.

चाचा गौहरच्या पुढ्यात उभे राहिले. "साहेब, शिकवलं नव्हतं तिला. कसूर मेरा है. मला शिकवू द्या."

साहेबानं पिस्तूल कमरेला खोचलं. मग त्यानं निकाल दिला. थंडीतल्या पहिल्या शिकारीला तो स्वतः गौहरवर बसणार. तिनं लाथ मारायला मागचा पाय नुसता उचलला, तरी जागच्या जागी गोळी! आणि त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या शेपटीला लाल फीत बांधली. लाथाड्या घोड्याला साहेब लोक तशी फीत बांधतात, म्हणजे बाकीचे लांब राहतात.

त्या दिवसापासून चाचा तिच्याच ठाणाशेजारी खाट टाकून राहायला लागले.

* * *

कुत्र्यांशी घोड्याची ओळख अशी करायची: घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, लावायचा, आणि तो खात असताना सोमानं एकेक कुत्रं पोटाखालून पलीकडं काढायचं. खाण्याच्या नादात घोडं शांत राहतं. कुत्रं पायाला लागलं तर पाय अलगद वर धरायचा, कुत्रं गेलं की खाली ठेवायचा. लाथ नाही.

गौहर शिकली. काय शिकली म्हणता! पिल्लू जरी खुराशी आलं तरी पाय असा अलगद उचलायची, की चाचांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणालो, "जिंकलो चाचा!"

तेवढ्यात सोमानं शेवटचं कुत्रं पलीकडं काढून कुत्र्यांच्या खोलीची कडी लावली. आणि गौहरनं चावणं थांबवलं. मागचा उजवा पाय हळूच वर घेतला, धरून ठेवला, मग खाली ठेवला आणि पुन्हा खायला लागली.

मी वाकून पोटाखाली बघितलं. नुसता भुसा.

"एखादं राहिलं का रे सोमा?"

"सगळी आत हायत."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. भरदुपारी, लख्ख उन्हात! सगळी कुत्री जाऊन झाली की गौहर आणखी एकदा पाय उचलायची. चाचांनी पायाला तेल चोळलं, नाल बदलली, नस दाबून बघितली. पायात काही नव्हतं. आणि साहेबाची अट तर मागच्या पायाचीच! कुत्रं नसताना उचललेला पाय त्याला लाथेचाच वाटणार.

मी म्हणालो, "चाचा, ही सवय मोडा. साहेबानं बघितलं तर घोडी गेली."

चाचा पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले. "पायाखाली येणाऱ्याला जागा दे, असं मीच शिकवलंय. आता कोणाला देऊ नको म्हणून सांगू?"

* * *

मला सोमाची शंका यायची. म्हटलं, हाच काहीतरी चाळे करत असेल. एका संध्याकाळी कुत्र्यांना भाकरी घालताना जाऊन बघितलं.

लांब दगडी डोणी होती. सगळी कुत्री ओळीनं तोंड घालून जेवत होती, एकमेकांना ढकलत, गुरगुरत. पण डाव्या टोकाला एका कुत्र्यापुरती जागा मोकळी. तिथं भाकरीचे तुकडे तसेच. एक नवं दांडगं कुत्रं रांगेत जागा मिळेना म्हणून मागं घोटाळत होतं. मी त्याचा पट्टा धरून मोकळ्या जागेकडं ओढलं. त्यानं चारही पाय रोवले आणि केविलवाणं रडायला लागलं.

"सोमा, हे काय?"

सोमानं वरसुद्धा बघितलं नाही. "ज्याचं त्याचं पान हाय, दत्तूभाऊ. तुम्ही नका मध्ये पडू."

मी पट्टा सोडला आणि घरी आलो.

* * *

पहिल्या शिकारीच्या पहाटे अंबडच्या माळावर धुकं असं होतं, की पांडवलेण्याचा डोंगर आहे की नाही याची शंका यावी. साहेब गौहरवर. कमरेला पिस्तूल. मागं सुलतानवर मी, माझ्या बाजूला दुसऱ्या घोड्यावर चाचा. चाचांचे ओठ सारखे हलत होते.

कोल्हा उठला, शिंग वाजलं. गौहर गेली ती पाण्यासारखी! बांध आला, उडी. नाला आला, उडी. कुत्री तिच्या चारी बाजूंनी, तिनं एकाला धक्का लागू दिला नाही. कोल्हा उसात शिरला आणि वाचला, पण आमची घोडी पास झाली! मी चाचांकडं बघून हसलो. चाचा हसले नाहीत.

परत निघालो. ताफा पुढं गेला होता. धुक्यात कुत्र्यांच्या गळ्यातल्या घंटा लांब ऐकू येत होत्या. सोमा तेवढा आमच्यासोबत मागं राहिला होता. साहेबाला घाई, त्यानं टाच मारली.

गौहर थांबली.

साहेबानं पुन्हा टाच मारली. घोडी जागची हलेना. तिनं मागचा उजवा पाय हळूच वर घेतला आणि धरून ठेवला. शेपटीची लाल फीत लोंबत होती.

साहेबाचा हात कमरेकडं गेला. चाचा घोड्यावरून उतरले नाहीत, पडलेच! "साहेब, नको! साहेब, कुत्रं नाही तिथं! बघा, कुत्रं नाही!"

साहेब खोगिरावर वळला आणि त्यानं खाली, घोडीच्या मागच्या पायाशी बघितलं. बघत राहिला. आणि मग, रोज ओरडायचा तसाच वैतागून ओरडला, "सोमा! डचेस को हटाओ!"

चाचांनी मातीतूनच सोमाकडं बघितलं.

सोमा पुढं आला. खाली वाकला. "चला डचेसबाई, वाट सोडा साहेबाला," म्हणाला आणि हातानं कुणाला तरी बाजूला घेतलं.

गौहरनं पाय खाली ठेवला.

आता साहेबाच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो ते. तो खाली उतरला. शेपटीची फीत सोडायला लागला, पण गाठ सुटेना. शेवटी सुटली. त्याचे गाल ओले होते, आणि ते धुक्यानं नव्हते. त्यानं फीत खिशात घातली आणि परत घोडीवर बसला.

मी सुलतानला वाटेवर घेतलं, लगाम ढिला सोडला. साहेबानं हात वर करून मला थांबवलं.

"धीरे चलो," तो म्हणाला. "बुड्ढी है."