सोनचाफ्याचा अंदाज

खिडकीच्या लाकडी झडपेला, कडीच्या जरासं वर, एक भोक आहे. लवंगेच्या काडीएवढं, त्याहून मोठं नाही. लाकडातली गाठ कधीतरी सुकून गळून पडली आणि तेवढी जागा उघडी राहिली. दुपारी समोरचा रस्ता उन्हात असला आणि खोलीत अंधार केला, की त्या भोकातून सगळा रस्ता आत येतो आणि पलंगासमोरच्या भिंतीवर उमटतो. उलटा. आभाळ खाली, डांबर वर. सायकलवाले डोक्यावर जातात, केळीवाल्याची गाडी छताला चिकटून उभी राहते, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

प्रमिलाताई माने यांनी कोल्हापूरच्या एका कॉलेजात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. चित्र उलटं का पडतं, हे त्या झोपेतही सांगतील. जेवण झालं की आडवं व्हायचं आणि तो रस्ता बघत बघत डोळे मिटायचे, हा त्यांच्या निवृत्तीतला सुखाचा भाग. आज डोळे मिटत नाहीत. उशाशी मोबाइल आहे आणि तो वाजणार आहे.

फोन येणार आहे बागलांचा. बागल म्हणजे पेपरच्या रविवार पुरवणीचे संपादक. सकाळीच त्यांनी सांगून ठेवलंय, "ताई, महिनाभर 'बघते, बघते' म्हणताय. आज पान लावायचंय. सोनचाफ्याचा अंदाज आला नाही, तर मी तिथं काय छापू? भरल्या वांग्याची कृती?"

सोनचाफा हा मराठी सिनेमाचा मोठा पुरस्कार. मिळतो एकाच सिनेमाला, पण पाचांत नुसतं नामांकन झालं तरी पोस्टरवर ते फूल छापता येतं आणि पुढचं काम दारात येतं. नामांकनं जाहीर व्हायच्या आधीच्या रविवारी प्रमिलाताईंचे थोरले भाऊ, रणजित माने, आपला अंदाज ह्याच पुरवणीत छापायचे. यंदा कोण कोण येणार. आणि तेच यायचे, वर्षानुवर्षं. लोक म्हणायचे, कुणाची जीभ काळी असते, मान्यांची सोनेरी आहे.

आकडेमोड प्रमिलाताईंची असायची. कुठला सिनेमा कुठल्या महोत्सवात गाजला, परीक्षकांनी मागे काय उचलून धरलं होतं, असं सगळं तोलून त्या क्रम लावून द्यायच्या. दादा अगदी शेवटी त्यातलं एखाददुसरं नाव बदलायचे, आणि नेमकं बदललेलंच खरं ठरायचं. हे प्रमिलाताईंना कधी पटलं नाही. अंदाज म्हटला की तो चुकतो. जो चुकत नाही त्याला अंदाज म्हणत नाहीत, आतली बातमी म्हणतात. पण थोरल्या भावाला हे विचारायचं कसं? श्रावणात दादा गेले आणि प्रश्न तसाच राहिला. यंदाचा अंदाज बागलांना प्रमिलाताईंकडून हवाय.

त्यात यंदा केतकी आहे. दादांची लेक. 'उतरणीचा रस्ता' नावाच्या एका छोट्या सिनेमाचं संकलन तिनं केलंय. काल तिचा फोन होता. "आत्या, मी काही म्हणत नाही हं. पण तू लिहितेयस ना?"

भिंतीवरची केळीची गाडी निघून जाते. एक सायकल जाते, डोक्यावर. शाळेतून घरी चाललेल्या पोरी जातात, वेण्या वरच्या दिशेला लोंबत. मग एक माणूस येतो, आणि तो सरळ असतो. पाय खाली, डोकं वर.

प्रमिलाताई निरखून बघतात. भिंतीवर तो सरळ दिसतोय, म्हणजे बाहेर रस्त्यावर डोक्यावर चालत असला पाहिजे. दुसरी शक्यता नाही.

"जागी आहेस का, मास्तरीणबाई?"

रणजितदादा पलंगाशेजारच्या खुर्चीत बसलेत. पांढरा इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग, तोंडात लवंग. ती जुनीच सवय. लवंगेचं फूल तेवढं दातानं तोडायचं आणि काडी हाताशी येईल तिथं ठेवून द्यायची. वहिनी म्हणायच्या, ह्यांच्या मागनं फिरलं तर महिन्याचा मसाला निघेल.

"तू उलटा चालत होतास," प्रमिलाताई म्हणतात.

"मी सरळच होतो. तुझ्या भिंतीचं मला विचारू नको." दादा हसतात. "बरी दिसतेस गं. जेवतेस ना वेळेवर?"

प्रमिलाताई उशीला टेकून बसतात. दादा जिवंतपणी असं गोड बोलायला लागले की अख्खं घर सावध व्हायचं.

"कशाला आलायस?"

"बहिणीकडं यायला कारण लागतंय व्हय?"

"तुला लागायचं. भाऊबीजेलासुद्धा पुरवणीचं काम काढून यायचास."

"आता कुठली पुरवणी."

"आधी तू तूच आहेस का ते कळू दे. पहिल्यांदा सिनेमाला गेलो तेव्हा मी काय सांडलं होतं?"

"उसाचा रस. पुढच्या बाईच्या अंबाड्यात. आणि मार मी खाल्ला."

उत्तर बरोबर आहे. त्यामुळे प्रमिलाताईंचा संशय कमी होत नाही, वाढतो.

"हे मलाही माहीत आहे. त्यानं काही सिद्ध होत नाही."

"मग तुला माहीत नसलेलं विचार."

"ते खरं का खोटं, हे मला कळणार कसं?"

"धन्य आहे. मेलो, तरी हिची तोंडी परीक्षा चुकली नाही."

दादा लवंगेची काडी खुर्चीच्या हातावर ठेवतात. हातावर लाल रेक्झिन आहे, फाटलेलं, आतला काथ्या बाहेर आलेला. पुढेमागे तशाच खुर्च्यांच्या रांगा आहेत. प्रमिलाताईंच्या पायावर अजून त्यांची चादर आहे, पण थिएटरच्या बाल्कनीतल्या कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पडद्यावर तोच रस्ता आहे, उलटा. केळीवाला भाव सांगतोय आणि आवाज येत नाही.

"संकलन बघ," दादा म्हणतात. "कट कुठं आहे ते कळतसुद्धा नाही. केतकीचं आहे."

हे त्यांनी फार लवकर म्हटलं. प्रमिलाताई मनात नोंद घेतात आणि इतकी वर्षं गिळलेला प्रश्न विचारतात.

"तुला आतून कोण सांगायचं, दादा?"

"आतून म्हणजे?"

"परीक्षकांपैकी. माझ्या हिशेबानं पाचातली तीन-चार नावं यायची, फार तर. तुझी पाचच्या पाच."

"आईशपथ, मला कुणीही काही सांगत नव्हतं."

"आईची शपथ तू शाळेपासून खोटी घेतोस."

"ती पण भेटली तिकडं. हेच म्हणाली." दादा उठतात. "चल, दाखवतो."

बाल्कनीच्या दाराबाहेर जिना नाही. प्रमिलाताईंची प्रयोगशाळा आहे. स्पिरिटच्या दिव्याचा तो वास, ती लाकडी स्टुलं. स्टुलांवर सोनचाफ्याचे परीक्षक बसलेत, चष्मे पुसत. समोर सिनेमांचे खोके रचलेत, आणि बऱ्याच खोक्यांवरची चिकटपट्टी अजून कुणी काढलेली नाही. अध्यक्षांच्या हातात जुना काळा रिसीव्हर आहे.

"माने, रविवारी काय छापताय?" अध्यक्ष विचारतात.

"कशाला साहेब?" प्रमिलाताईंच्या शेजारी उभे राहून दादा उत्तर देतात.

"सगळे सिनेमे काही बघून होत नाहीत हो. तुमचा अंदाज एकीकडे आणि आमची नावं दुसरीकडे, असं व्हायला नको. लोक म्हणतील, परीक्षकांना सिनेमा कळत नाही."

दादा नावं सांगतात. सगळे परीक्षक पेन्सिली उचलतात.

फळ्यावर एक आकृती आहे. अक्षर प्रमिलाताईंचंच. एका बाजूला 'नामांकन', दुसऱ्या बाजूला 'अंदाज', मध्ये बाण. बाणाचं टोक भलत्याच बाजूला आहे. नामांकनाकडून अंदाजाकडे नाही, अंदाजाकडून नामांकनाकडे.

"म्हणजे ते तुला सांगत नव्हते," प्रमिलाताई सावकाश म्हणतात. "तू त्यांना सांगत होतास."

"मी कुठं सांगत होतो? ते विचारत होते."

शेवटच्या बाकावर एक माणूस लग्नाच्या शूटिंगचा प्रखर दिवा मांडीवर घेऊन बसलाय. प्रमिलाताई त्याला ओळखतात. 'तांबडी पायवाट'चा दिग्दर्शक. त्या वर्षी त्यांच्या क्रमात त्याचा सिनेमा सगळ्यात वर होता. दादांनी खोडला, आणि तो कुठेच आला नाही. नंतर तो दादांच्या दारात येऊन विचारून गेला होता, माने साहेब, माझं कुठं कमी पडलं? आता तो लग्नं टिपतो.

"त्याचं नाव का खोडलंस?"

"मुलाखत आधी दुसऱ्या पेपरला दिली त्यानं."

"एवढंच?"

"एवढंच गं. मला वाटलं, अंदाज तर आहे. अंदाजानं कुणाचं काय बिघडतंय."

दिवा डोळ्यांवर येतो. प्रमिलाताई हातानं आडोसा करतात.

"हे खरं कशावरून? हे माझं स्वप्न आहे, दादा. मला ठाऊक नसलेलं काही इथं येऊच शकत नाही."

"तेच म्हणतोय मी." दादांचा आवाज पहिल्यांदाच खाली येतो. "तुला ठाऊक नसतं, तर मी सांगितलं कुठून असतं?"

प्रमिलाताईंच्या हातात आता मेथीची जुडी आहे. दादांचं स्वयंपाकघर, बऱ्याच वर्षांपूर्वीचे दिवाळीच्या आधीचे दिवस, आणि वाजणारा फोन त्यांनीच उचललाय. "मान्यांचा अंदाज लिहून झाला का? नाही, काही घाई नाही. आमची बैठक त्याच्यानंतरच ठेवली आहे." भाषणांतून ऐकलेला आवाज, ओळखीचा, अध्यक्षांचा. "दादा बाहेर गेलेत," असं सांगून त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली. सबंध जुडी निवडून होईपर्यंत त्यांनी त्या वाक्याचा विचार केला नाही. त्यानंतरही केला नाही.

"तेव्हा विचारायचंस," दादा म्हणतात.

"तू खरं सांगितलं असतंस?"

"नसतं सांगितलं. पण मी थांबलो असतो कदाचित. तुला घाबरायचो मी थोडा."

ते पुन्हा पलंगाशेजारच्या खुर्चीत आहेत. भिंतीवर रस्ता आहे, जसा असायला हवा तसा, उलटा. दादा खिशातून नवी लवंग काढतात, फूल तोडतात, आणि काडी बोटांत फिरवत बसतात. ह्या माणसाला काहीतरी हवं असलं की तो असंच काहीतरी फिरवत बसायचा.

"माग आता," प्रमिलाताई म्हणतात.

"काय?"

"ज्यासाठी आलायस ते."

दादा भिंतीकडे बघतात. "केतकीच्या सिनेमाचं नाव लिही. मी गेलो तरी ते लोक तुझा लेख वाचतील. सवय लागलीय त्यांना."

"वाटलंच मला."

"बाप आहे मी. सगळ्या गावाची नावं लावून दिली, माझ्या लेकीचं तेवढं राहिलं."

"तिचं काम चांगलं आहे, दादा."

"मग झालं की. खोटं तरी पडणार नाही. तुझ्या हिशेबात आली असेलच ती."

"दुसरी आली."

"बघ. तुझंच गणित आहे, माझा त्याला हातसुद्धा लागला नाही."

इतकं सरळ, इतकं रास्त बोलणं. प्रमिलाताईंना आत्तापर्यंत आला नव्हता एवढा संशय आत्ता येतो, आणि ह्या वेळी तो दादांचा नसतो. नाव लिहायला त्यांचा हात आधीच तयार आहे. महिनाभर 'बघते, बघते' म्हणत त्या ह्याच हाताला थोपवत होत्या.

"मी लिहिलं तर ती येईल," त्या म्हणतात. "पण कशानं आली, ते तिला कधी कळणार नाही. आणि मलाही नाही."

"आणि नाही लिहिलंस, आणि ती नाही आली, तर? आत्या म्हणून काय सांगशील पोरीला?"

प्रमिलाताई पायावरची चादर नीट करतात. दादा उठून खिडकीपाशी जातात. पाठमोरे ते फार बारीक दिसतात, शेवटच्या दिवसांत दिसायचे तसे.

"बघत बसू नको मग," ते म्हणतात, आणि हातातली काडी झडपेच्या भोकात घालतात.

रस्ता विझतो.

फोन वाजतोय. प्रमिलाताई अंधारात उशाशी चाचपडतात. संध्याकाळ झाली असावी, नाहीतर आभाळ भरलं असावं, म्हणून भिंत कोरी आहे, असं त्यांना वाटतं. पण झडपेच्या कडेनं ऊन अजून लखलखीत आत येतंय. त्या उठतात. एका हातात वाजणारा फोन घेऊन दुसऱ्या हाताचं बोट कडीच्या जरासं वर नेतात.

भोकात लवंगेची काडी आहे. फूल नसलेली. बोट नाकाशी नेलं तर वास ताजा आहे. घरात लवंगा आहेत, पण त्या मसाल्याच्या डब्यात आहेत, आणि फुलासकट आहेत. झोपायच्या आधी ह्या भोकातून केळीची गाडी आत येत होती. ह्या सगळ्याला काहीतरी साधं कारण असणार. प्रमिलाताई ते शोधत बसत नाहीत. काडी त्या काढतही नाहीत.

"हां, बागल."

"ताई, पान थांबलंय हो. नुसती नावं सांगा, मी इकडं उतरवून घेतो. पहिलं कोण?"

"नावं नाहीत."

"म्हणजे अजून झालं नाही?"

"झालंय. पण देणार नाही. दादाचा तो अंदाज नसायचाच, बागल. कसा खरा ठरायचा, ते मला माहीत आहे. बऱ्याच वर्षांपासून."

बागल जपून विचारतात, "ताई, दादांच्या नावाचं काय होईल? आणि केतकीचं? यंदा तिचाही सिनेमा आहे ना?"

"आहे. चांगला आहे." प्रमिलाताई कोऱ्या भिंतीकडे बघतात. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा आहे, शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढा. "आधी तिला फोन करून मी सगळं सांगते. मग तेच लिहायला बसते. तुम्ही पान मोकळं ठेवा, आणि खाली नाव माझं टाका."