पडद्यामागून दिलेलं उत्तर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, सोबतच्या हमीदाबीलाही नाही. तिला सांगायची गरजच नव्हती, ते पुढे येईलच. राजूरच्या गणपतीसमोर चतुर्थीला कितीदा हात जोडून उभी राहिले, पण तिथंही दुसरंच काहीतरी पुटपुटून परत आले. देवापुढेही माणूस किती सावरून बोलतो, नाही?

तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका.

मी नर्स होते. निजामाच्या राज्यात — आमच्याकडे त्याला मोगलाई म्हणत — जालन्याच्या एका दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात. तेराव्या वर्षी नवरा गेला. त्याचा चेहरा आता नीट आठवतसुद्धा नाही. वडिलांनी चार लोकांची बोलणी खाऊन मला नर्सिंग शिकायला धाडलं, आणि वडील गेल्यावर भावानं घराचं दार लोटून घेतलं. बंद केलं असं म्हणणार नाही. लोटलं. सणाचं बोलावणं येईनासं झालं, एवढंच. शेजारच्या बायका मला पाहून बाजूला सरत — मी विधवा म्हणून, की दहा जातींच्या बायकांचं रक्त धुते म्हणून? मी कधी विचारलं नाही. पांढरं लुगडं मला दोन्ही कारणांनी चालत होतं.

मग माझं म्हणावं असं काय होतं? तो वॉर्ड. आणि एक गुण, ज्याचा मला फार तोरा होता. मला बाईचा चेहरा वाचता यायचा. कोण दुखणं दाबून ठेवतंय, कोण नुसतंच माहेरच्या आठवणीनं कण्हतंय, कोणाला औषधापेक्षा दोन शब्द हवेत — मला कॉटजवळ गेल्याबरोबर कळायचं. नर्सचं निम्मं काम हातांनी होतं आणि निम्मं असं होतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. एकट्या माणसाला येत असावं आपोआप.

आणि या निम्म्या कामाला आमच्या वॉर्डात फार किंमत होती, कारण डॉक्टर पुरुष होते. भले गृहस्थ, हैदराबादकडचे, उर्दू बोलणारे. पण बाळंतिणींच्या कोपऱ्याला जाड पडदा असे आणि ते कधी पडदा ओलांडत नसत. ना हिंदू बायकांना ते चाललं असतं, ना मुसलमान बायकांना. सकाळी पडद्याबाहेर उभे राहून ते विचारत, मी आतून उत्तर देई. अंगावरून किती जातंय, वास आहे का, पोट दुखतं का. वास म्हणजे आत बिघडल्याची पहिली खूण. बाळंतिणींनी घेतलेल्या कपड्याच्या घड्या मी बघायच्या आणि सांगायचं. मी सांगेन ते त्यांच्या कागदावर उतरे. दवाखान्याबाहेर कोणी माझ्या हातचं पाणी घेत नसे, पण पडद्यामागचा माझा शब्द कोणी तपासत नसे. लक्षात येतंय ना, मी काय हातात धरून होते?

केसर धावडा गावची. पहिलटकरीण, अठरा-एकोणीस वर्षांची. दोन दिवस अडली होती, बैलगाडीतून आणली. कळा येत असताना तिनं माझा हात असा धरला होता की चार दिवस मनगट काळंनिळं होतं. मुलगी झाली. मी ती पुसून तिच्या कुशीत दिली तर ही मुलीकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघून हसली. पुढचे तीन दिवस मी तिची वेणी घातली, तिला मुलीला पाजायला शिकवलं, तिच्या सासूला अंगणातल्या चुलीवर काय शिजवायचं ते सांगितलं. जीव लावला म्हणा ना.

चौथ्या दिवशी टेंभुर्णीची एक पाटलीण बरी होऊन घरी निघाली. महिनाभर पोटाच्या दुखण्यानं पडून होती. तिची सगळी घाण मी काढली होती, तिला घास भरवला होता. "बाई, तुम्ही मागच्या जन्मीची माझी आई," असं ती रोज म्हणायची. मी खरं धरून बसले! निघताना तिनं घरून करंडा मागवला आणि वॉर्डातल्या बायकांना हळदीकुंकू लावलं. कॉटमागून कॉट. मी औषधाचा ट्रे घेऊन मध्येच उभी. माझ्यापाशी आली, डोळे खाली घातले, आणि मला वळसा घालून पुढे गेली.

दोघीच राहिलो, मी आणि केसर. केसरला सोयर होतं. तिचं बाराव्या दिवशी फिटणार होतं. माझं कधीच फिटणार नव्हतं.

कोपऱ्याचा पडदा सारलेला होता, केसरनं ते पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी. आणि मला तिचा राग आला! पाटलिणीचा नाही, केसरचा. तिनं मला तसं उभं असलेलं बघितलं म्हणून. याला काय म्हणाल? मला आजही नाव सापडत नाही.

त्या दिवसापासून माझं मन उडालं. काम मात्र बराबर चालू. थर्मामीटर, औषध, चादरी, फिनेल, सगळं वेळेवर. मन उडालं की हात थांबत नाहीत हो, हात चालूच राहतात, म्हणून तर कोणाच्या लक्षात येत नाही. फक्त मी चेहऱ्यांकडे बघणं सोडलं. आणि बाळंतिणींच्या घड्या बघणंही सोडलं. उचलायच्या, न उलगडता बादलीत टाकायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी केसर म्हणाली, "बाई, जरा बसता का? खालचं थोडं... कसं सांगू..." आणि मान खाली घातली.

आता ऐका. मला कळलं होतं. तिची मान ज्या तऱ्हेनं खाली गेली, तेवढ्यावरून कळलं होतं. मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब येतील सकाळी, त्यांना सांग."

ती कधीही सांगणार नाही हे मला माहीत होतं. परपुरुषाला, पडद्याआडून, अंगावरच्या जाण्याबद्दल — धावड्याची लेकुरवाळी पोर? ती मेली तरी सांगणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी तसं म्हणाले.

संध्याकाळी हमीदाबी आली. वॉर्डातली आया, दवाखान्यात माझ्याबरोबर चहा पिणारी एकमेव बाई. म्हणाली, "बाई, वो धावड्यावाली एकदम चुप हो गई. जरा देख लेव." मी म्हटलं, बघते. बघितलं नाही.

सकाळी पडद्याबाहेर बुटांचा आवाज आला. केसरला थोडा ताप होता, तो मी प्रामाणिकपणे लिहिला होता. डॉक्टरांनी विचारलं, "दूध का बुखार होगा. बाकी? बदबू वगैरा?"

आत केसर माझ्याकडे बघत होती. मी बादलीकडे बघत होते.

"नहीं साहब. सब ठीक है."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं गेलं. तेच उत्तर मी दिलं. दुसऱ्यांदा खोटं बोलायला काहीच त्रास होत नाही.

तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली, कॉट वाजायला लागली. मी चादर उचलली आणि वास अंगावर आला. तो वास दोन दिवस आधी चिमूटभर का होईना, असणारच होता. डॉक्टर धावत आले. पहिल्यांदाच पडद्याच्या आत आले. म्हणाले, "कल तक तो ठीक था ना?" मी म्हणाले, "जी. आज सुबह से."

हमीदाबी दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बादली उचलून गेली. ती कोणाजवळ बोलली नाही. फक्त त्यानंतर तिचा चहा ती मागच्या ओट्यावर एकटीच प्यायला लागली.

केसर बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी गेली.

बाळंतपणाच्या त्या तापातून त्या काळी फार थोड्या बायका उठत. आधी कळलं असतं तरी कदाचित... बघा, हे वाक्य मी कितीदा जुळवलंय. खोडते. ती वाचली असती की नाही हे मला माहीत नाही. मी बसले नाही, हे माहीत आहे.

महिन्या-सव्वा महिन्यानं तिची सासू मुलीला घेऊन आली. पोरीच्या अंगावर फोड आले होते. मी ते धुतले, मलम लावलं. पोरगी माझ्याकडे टकमक बघत होती. काम झाल्यावरही म्हातारी उठेना. मग म्हणाली, "बाई, इचारू का? माज्या सुनंनं तुम्हाला काई सांगितलं व्हतं का वो? कुठं दुखून राह्यलं, खुपून राह्यलं?"

"नाही," मी म्हणाले.

"मला बी न्हाई. लई लाजाळू व्हती." तिनं कनवटीतून लाकडी करंडा काढला, बोटभर उंचीचा. "ह्यो तिनं मागवून घेतल्ता. ती पाटलीण गेल्ती बघा, त्याच दिशी. बाराव्याला सोयर फिटलं की नर्सबाईला कुकू लावते म्हणली. म्या म्हणलं, अगं त्यांचा धनी न्हाई. तर म्हणली, आत्याबाई, माज्या लेकीला पयल्यांदा त्यांनीच हातात घेतलं, मला दुसरं काई म्हाईत न्हाई. उशाखाली ठिवल्ता तिनं."

म्हणजे मी चादरी बदलत होते तेव्हा तो तिथंच होता. उशी झटकतानाही मी खाली बघितलं नव्हतं.

"तिचं राह्यलेलं म्या करते," म्हातारी म्हणाली. तिनं करंडा उघडला, बोट कुंकवात बुडवलं आणि उभी राहिली.

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि ती पोर.

मी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कपाळ पुढे केलं.