बसूनं खोडलेलं वाक्य

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. माझ्या निरोप समारंभात टाळलं, बसूच्या साठीला माईक हातात असताना टाळलं, आणि ज्या दिवशी सांगायचंच म्हणून घरातून निघालो होतो त्या दिवशीही टाळलं. आता बसू नाही. महिना उलटून गेला. तो गेला त्या सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला, आणि मग फोनवर नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. मी शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या जिन्यात खाली बसलो. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता ते कुणालाच कळणार नाही. जिवलग मित्राच्या मरणाची बातमी ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं... म्हणून हे लिहितो आहे.

बसवराज आणि मी कोल्हापुरात एकाच महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होतो. तो सीमेकडचा, घरात कानडी आणि दारात मराठी बोलणारा. शिव्या दोन्ही भाषांत उत्तम द्यायचा. संशोधन पद्धती हा विषय मुलांना नकोसा, शिक्षकांनाही नकोसा. बसू तो मागून घ्यायचा. तुलना कशी करायची हे तो पहिल्याच तासाला म्हशींवरून सांगायचा. "दोन म्हशी बांधा. गोठा एक, वैरण एक, धार काढणारी बाई एक. एक भरून दूध देतीया, दुसरी लाथ मारतीया. आता जे दोघींत सारखं हाय ते सोडा आणि जे येगळं हाय ते हुडका. झालं तुलनात्मक राजकारण!" मुलं हसायची. मग तो पुढचा प्रश्न टाकायचा, "पण म्हशीला इचारलं का कुणी?" त्याच्या मते आमच्या शास्त्राची निम्मी अडचण एवढीच होती, की कुणी म्हशीला विचारत नाही. किती मतं पडली ते मोजता येतं. ती तशी का पडली, हे ज्यानं मत दिलं त्याच्या ओट्यावर बसल्याशिवाय कळत नाही.

आम्ही दोघं मिळून एकच मोठं काम केलं, वीसेक वर्षांपूर्वी. कागलच्या पुढं, एकमेकांपासून फार लांब नसलेली दोन गावं निवडली. नदी एक, ऊस एक, साखर कारखाना एक, माणसंही जातीपातीनं जवळपास सारखी. पण एका गावात प्रत्येक निवडणुकीला दोन पॅनेल, चौकात भांडणं, गुलालात डोकी फुटायची. दुसरं गाव कायम बिनविरोध. त्या दुसऱ्या गावाच्या एकीचं सगळ्या तालुक्यात कौतुक. बसूला त्या कौतुकाला वेगळाच वास येत होता. "एवढी एकी सख्ख्या भावाभावांत नसती, वसंता," तो मला म्हणाला. "काय तरी दाबलंय."

आम्ही दोन्ही गावांत सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर जाऊन बसायला लागलो, कारण सगळं गाव तिथं येतं. ज्याच्या दुधाला फॅट जास्त त्याला भाव जास्त, आणि फॅट दाखवायला एक मशीन. भांडणाऱ्या गावात त्या मशीनचे आकडे रांगेतल्या लोकांकडे तोंड करून होते. कुणीही वाचावेत. बिनविरोध गावात मशीनचं तोंड आत, दूध संस्थेच्या सचिवाकडे. तो आकडा मोठ्यानं सांगायचा आणि बाई किटली उचलून निघून जायची. हे पाहून मी हरखलो. मला माझा फरक सापडला होता. बसूनं मात्र माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. "मशीन फिरलं म्हणून गाव गप झालं, का गाव गप हुतं म्हणून मशीन फिरलं? आधी काय झालं ते सांग की." ते सांगणारं माणूस गावात कुणी मिळेना. चहा सगळे पाजायचे. विषय काढला, की "आमच्यात तसलं काय न्हाय, पावणं," म्हणून पावसापाण्याचं बोलायचे.

ज्या बाईनं अखेर सांगितलं, ती बसूची थोरली बहीण. तिला सगळेच अक्का म्हणत. तिला त्या बिनविरोध गावातच दिलेलं होतं. बसूनं तिला आधी विचारलंच नव्हतं. बहिणीला यात ओढायचं नाही, असा त्याचा पण होता. मीच त्याच्या मागं लागलो. परसात अक्का शेणी थापत बोलली आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून ऐकत राहिलो. पूर्वी मशीन लोकांकडेच तोंड करून होतं. एका निवडणुकीत खालच्या आळीची मतं फुटली. मग मशीन फिरलं, आणि त्या आळीचं दूध आपोआप पातळ व्हायला लागलं. पुढच्या खेपेला कुणी अर्जच भरला नाही. आधी काय आणि नंतर काय, याचा उलगडा झाला. उठताना ती बसूकडे बघून कानडीत एक वाक्य बोलली. सचिवाविषयी होतं, आणि दुधाविषयी. बसू खो खो हसला. त्यानं मला अर्थ सांगितला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सगळं गाव त्या एका वाक्यात होतं. ते वाक्य मी इथं देणार नाही. एकदा दिलं, तेवढं पुरे झालं.

एका वृत्तपत्राच्या पुरवणीसाठी आम्ही लेख तयार केला. गावांची नावं घातली नाहीत, माणसांची बदलली. मशीन कसं फिरलं ते ठेवलं, कारण ते गावातल्या कुणीही सांगितलं असू शकत होतं. पण अक्काचं ते कानडी वाक्य मी जसंच्या तसं देवनागरीत घातलं होतं, खाली मराठी अर्थासह. बसूनं पक्की प्रत वाचली, पेन उचललं आणि ते वाक्य खोडलं. एकदा रेघ मारली, मग वर दुसरी. "ह्या गावात कानडी म्हायेराची सून एकच हाय," तो म्हणाला. "नाव झाकून उपेग काय, तोंड उघडंच की." मी म्हणालो, लेखाचा जीव आहे त्या वाक्यात. तो म्हणाला, "जीव तिचाबी हाय." मी मान डोलावली. प्रत मी पोचवतो म्हटलं. त्याला गावाकडे जायचं होतं, आईची तब्येत बरी नव्हती. तो गेल्यावर मी ते पान पुन्हा स्वच्छ लिहून काढलं, आणि वाक्य होतं तिथं परत घातलं. मला वाटलं, खेड्यात पुरवणी कोण वाचतं.

दूध केंद्रावर तो लेख मोठ्यानं वाचला गेला. वाक्यापाशी आल्यावर वाचणारा थांबला म्हणतात.  सगळ्यांनी अक्काच्या घराच्या दिशेनं पाहिलं.

त्या संध्याकाळपासून त्या घराचं दूध पातळ झालं, आणि पुढं किटली परतच यायला लागली. सासऱ्यांनी तिचं माहेर तोडलं. बसू धावत गेला तर दाजी उंबऱ्यात आडवे उभे. एरवी त्याला "बसू" म्हणून हाक मारणारा तो माणूस म्हणाला, "पावणं, हितनं फुडं पाऊल टाकू नका." त्यांच्या खांद्यावरून त्याला अक्का दिसली. तिनं पाठ फिरवली. ती त्याला तम्मा म्हणायची, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. ती हाक त्यानंतर त्याला ऐकायला मिळाली नाही.

तिथून तो थेट माझ्याकडे आला. चेहरा राखेसारखा झाला होता. "मी खोडलं हुतं न्हवं, वसंता? माझ्या डोळ्यांपुढं हाय... खोडलं हुतं की रं?" मला वाटत होतं तो माझी गचांडी धरेल. पण तो मला विचारत होता. स्वतःच्या हाताविषयी त्याला शंका होती आणि माझ्याविषयी नव्हती. मी म्हणालो, "दोन प्रती होत्या ना... तू बहुतेक कच्च्या प्रतीवर खोडलंस. गडबडीत पक्कीवर राहिलं असेल." त्यानं स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "आसंल. आई आजारी हुती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं." इतक्या सहज त्यानं ते स्वतःवर घेतलं, की त्या क्षणी खरं बोलणं सोपं होतं. त्यानंतर कधीच सोपं राहिलं नाही.

त्या लेखातूनच पुढं माझं पुस्तक झालं. परिषदांत मी मशीनचं तोंड सांगायचो, मग थोडं थांबून ते कानडी वाक्य म्हणायचो. टाळ्या पडायच्या. पुस्तकावर बसूनं स्वतःचं नाव घालू दिलं नाही. तो पुन्हा कधी कुठल्या गावात मुलाखत घ्यायला गेला नाही. वर्गात मात्र त्यानं एक नियम केला. ज्यानं सांगितलं त्याच्यापुढं बसून लिहिलेलं वाचून दाखवायचं, तो म्हणेल ते काढायचं, आणि छापायला जाणारा कागद स्वतः शेवटपर्यंत बघायचा. मुलं कंटाळायची. त्यांनी त्याचं नाव 'खाडाखोड सर' पाडलं होतं. एकदा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी त्याला चिडवलं, "मुलांना एवढं कशाला पिडतोयस?" तेव्हा तो हसून म्हणाला, "मी एकदा निष्काळजीपणा केलाय बाबा. त्याचं दूध अजून नासतंय." मी तिथंच बसलो होतो. पेपर वाचत होतो... म्हणजे, पेपर तोंडासमोर धरला होता.

त्याच्या आईच्या मातीला अक्का आली होती. बसू परत आला तेव्हा मी त्याला विचारलं, बोलली का? म्हणाला, "बोलली की. 'तू मला इकलंस' म्हणाली." आणि विषय बदलून त्यानं मला त्या वर्षीचा उसाचा दर विचारला.

यंदा त्याचं आजारपण वाढलं तसं मी ठरवलं, आता सांगायचंच. दुपारी गेलो. वहिनींनी खुर्ची खाटेजवळ ओढून दिली आणि त्या आत गेल्या. बसू अगदी लहान दिसत होता. मी घसा साफ केला, आणि तोच आधी बोलला. "बरं झालं आलास. तुला एक सांगायचं ऱ्हायलंय." मी वाकलो. "ते खोडायचं माझ्या हातनं ऱ्हायलं... अक्काचं झालं ते झालंच. पर त्या गावानं तुलाबी नाय नाय ते शब्द सुनावलं. तू कवा बोलून दाखवलं न्हाईस. माफ कर लेका." आणि त्यानं माझा हात धरला. त्याच्या हातात जोर नव्हता, सोडवून घ्यावा लागला नसता. तरी मी तो सोडवून घेतला, पाण्याचा पेला उचलायचं निमित्त करून. "आता कशाला तो विषय," मी म्हणालो. "पड जरा." त्यानं ऐकलं. माझं तो नेहमीच ऐकायचा.

लिंगायत रीतीप्रमाणं त्याला विभूती लावून, बसवून मातीत ठेवलं, त्या दिवशी अक्का आली होती. दाजी आता नाहीत. केस पांढरे, कंबरेत वाकलेली. सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, तुमी त्याचं दोस्त. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं न्हवं?" मी म्हणालो, "नाही अक्का. मुद्दाम नाही." त्याच्या मातीशेजारी उभा राहूनही मी तेवढंच म्हणालो.

गेल्या आठवड्यात मी त्या गावी गेलो, हे लिहिलेले कागद घेऊन. दूध केंद्रावर आता आकडा ज्याच्या त्याच्या मोबाईलवर जातो, मशीनचं तोंड कुठं आहे हे कुणी बघत नाही. अक्काच्या ओट्यावर बसून मी तिला इथवर सगळं वाचून दाखवलं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर मी म्हणालो, "यातलं काय काढू, अक्का?"

"काय काढू नगा," ती म्हणाली. मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझ्या दुधाचं, घराचं सोडा सर, ते मी कवाच गिळलं. पर आईच्या मातीला त्यो माझ्या पाया पडाया वाकला हुता, अन् मी पाय मागं घेतलं. आता त्याला कुठं गाठू आन् काय म्हणून सांगू, की तम्मा, तुझं न्हवतं चुकलं?"

मी कागद गोळा केले. तिनं चहाचं विचारलं नाही, मीही थांबलो नाही.

बसूनं खाटेवरून माझा हात धरला होता त्या दुपारी फार काही बोलावं लागणार नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं... बसू, तू ते वाक्य खोडलं होतंस. दोनदा रेघ मारून, नीट खोडलं होतंस. तुझा हात चुकला नव्हता. मी ते परत लिहिलं. मला माफ कर.